पुलाच्या कार्डाची पाठ

कार्डकाकांनी पोस्टात चौतीस वर्षं टपालाची छाननी केली. म्हणजे चौतीस वर्षं पत्ते वाचले. पत्त्याची बाजू वर, तिकीट उजव्या कोपऱ्यात, एक नजर टाकायची आणि समोरच्या खणात भिरकावायचं. चित्रांची कार्डं यायची तीही चित्र खाली घालूनच. उलटून बघत बसायला वेळ कुणाला होता? निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणाले, "पत्ता म्हणून आता वाचायचा नाही. आता फक्त चित्रं बघायची." बायको म्हणाली, "बघा की. माळ्यावरचा पंखा सहा महिने बंद पडलाय, तोही बघा."

पंखा राहिला तो राहिलाच. काकांनी मात्र वाचनालयाच्या वरची रिकामी खोली मागून घेतली आणि गावाची जुनी चित्रकार्डं जमवायला सुरुवात केली. गावातल्या एका फोटोवाल्याने कधीकाळी छापलेली ही कार्डं. जुनी बाजारपेठ, घड्याळाचा मनोरा, पाडून टाकलेला पूल. काका दारोदार फिरले. कोणी कौतुकाने दिली, कोणी घर विकताना अडगळ म्हणून पिशवीच हातात कोंबली. काकांनी घरी खळ शिजवली आणि प्रत्येक कार्ड जाड कागदावर चारी कोपरे दाबून पक्कं चिकटवलं, चित्र वर. खाली सुवाच्य अक्षरात ठिकाण, साल आणि देणाऱ्याचं नाव. अकरा अल्बम झाले. शाळेची मुलं बघून गेली, दोनदा वर्तमानपत्रात आलं. काकांना वाटलं, जन्मात काहीतरी केलं.

याला बावीस वर्षं झाली. आता काका ऐंशीला टेकले होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि वाचनालयाच्या जिन्याच्या तेवीस पायऱ्या दर सकाळी जास्त उंच वाटायच्या. खोलीत येणारे कमी झाले होते. पिशव्या मात्र येतच होत्या. दाराशी ठेवून लोक निघून जायचे, नावही सांगायचे नाहीत. उघडायच्या राहिलेल्या सात पिशव्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. काका खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघायचे आणि उद्या उघडू म्हणायचे. खरं सांगायचं तर त्यांना कंटाळा आला होता, आणि या कंटाळ्याची लाजही वाटत होती.

अशाच एका दुपारी शिवणक्लास चालवणाऱ्या बाई जिना चढून आल्या. साठीच्या आसपासच्या, धापा टाकत होत्या. त्यांची आई महिन्यापूर्वी वारली होती.

"काका, आईने तुम्हाला पुलाचं एक कार्ड दिलं होतं. सुरुवातीलाच."

काकांनी बरोबर तिसरा अल्बम काढला. स्मरणशक्ती अजून शाबूत होती. पूल, खाली नदी, कठड्याला टेकलेली एक सायकल.

"याच्या मागे काय लिहिलंय?"

असं बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"शेवटच्या आठवड्यात आई एकच धोशा लावून बसली होती," बाई म्हणाल्या. "पुलाचं कार्ड आण, मागचं वाच. मी पाच वर्षांची असताना बाबा घर सोडून गेले. आई सांगायची, मी त्यांना पत्र टाकलं, या म्हणून, ते काही आले नाहीत. मला वाटतं हे त्यांचं उत्तर असणार. तिने लपवून ठेवलं आणि मग तुम्हाला देऊन टाकलं. मला त्यांचं एक अक्षरही माहीत नाही हो."

"ते चिकटवलेलं आहे," काका म्हणाले. "मी मागचं वाचलं नव्हतं. एकाचंही नाही."

बाईंनी अकरा अल्बमांकडे एकदा बघितलं. काका ओशाळले. कार्ड हाताने ओढलं तर फाटणार, हे उघड होतं. त्यांनी वाचनालयाच्या शिपायाकडून पातेलं आणि शेगडी मागून आणली, पाणी उकळलं आणि पान वाफेवर धरलं. बाईंनी दुसरी बाजू धरली. खळ काकांनी स्वतः शिजवलेली, ती सहजासहजी सुटणार थोडीच. तास गेला. भाजीच्या सुरीची बोथट पाठ घालून काका एकेक बोट पुढे सरकत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. शेवटी कार्ड सुटलं. पुलाच्या चित्राला फुगे आले, पण मागचा मजकूर बॉलपेनचा होता, तो बराचसा टिकला होता.

बाईंनी चष्मा लावला आणि लगेच काढला.

"हे आईचं अक्षर आहे."

काकांनी वाचलं. "मुलगी रोज दारात बसते. झालं गेलं विसरून या. मी काही विचारणार नाही." उजवीकडे बाबांचं नाव आणि पत्ता, नीट, जिल्ह्यासकट. पण काकांची नजर चौतीस वर्षांच्या सवयीने आधी कोपऱ्यातच गेली होती, आणि त्यांना सगळं कळलं होतं. थोडा वेळ त्यांना वाटलं, सांगूच नये.

"बाई, यावर तिकीट नाही."

"वाफेने निघालं असेल."

"तिकीट निघतं. पोस्टाचा शिक्का निघत नाही, आणि इथे तोही नाही. हे कार्ड पेटीत पडलंच नाही."

बाई खुर्चीत बसल्या. कार्ड त्यांनी मांडीवर ठेवलं, पत्ता वर. खाली वाचनालयात कोणीतरी खुर्ची सरकवली.

"बाबा आठ वर्षांपूर्वी गेले," त्या म्हणाल्या. "याच पत्त्यावर. शेवटी आजारी होते, त्यांच्या शेजाऱ्यांनी निरोप पाठवला होता, मुलीला बघायचंय म्हणतात. मी निरोप आणणाऱ्याला दारातच म्हटलं, माझ्या आईने बोलावलं तेव्हा ते आले होते का? आणि दार लावून घेतलं."

पोस्टातल्या कुठल्याही पोराने हे कार्ड उलटून बघताच सांगितलं असतं. ते तर चौतीस वर्षांचे मुरलेले. बावीस वर्षांपूर्वी याच टेबलावर हे कार्ड त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी हौसेने त्याच्या पाठीला खळ फासली होती.

"आईने तुम्हाला हे दिलं," बाई हळूच म्हणाल्या, "तेव्हा बाबा होते."

"होते," काका म्हणाले.