काईलीत आई

मैत्रिणींनो, आज माझी आई पहिल्यांदा तळ्यात मासे धरायला आली!

गुऱ्हाळ बंद झालं की गूळ शिजवायची काईल आमच्याकडे होडी होते. "काईलीत बाईमाणूस बसलं की मासा लागत न्हाई," असं वडील म्हणायचे. आज माझ्या, पदवीधर लेकीच्या, हट्टापुढे ते नमले, पण एका अटीवर. मासा लागला नाही तर आईनं पुन्हा यायचं नाही.

बराच वेळ गळ हलेना. "बघ, म्हनलं नव्हतं?" वडिलांचं सारखं चालू.

"आवं, तुमच्या बडबडीनं पळालं मासं!" आई म्हणाली, आणि तिचाच गळ ओढला गेला. लय मोठी मरळ!

काठावर वडील हसत आईला म्हणाले, "जा, आता साफ कर."

"ज्याला घावला न्हाई, त्यानं करायचा," आई म्हणाली.

आत्ता वडील अंगणात खवले काढतायत. तुमच्याकडे मासे कोण साफ करतं?