शेवटच्या स्टॉपवरची बालूशाही

आश्रमात जेवणाची रांग लागली की कंडक्टरकाका ताटावर चमचा वाजवायचे. एकदा वाजवला की रांग थांबायची, दोनदा वाजवला की पुढे सरकायची. वाढणाऱ्या मावशींनी कितीदा सांगितलं होतं, "काका, ही बस नाही." त्यावर ते मागे वळून दारात घोटाळणाऱ्यांना ओरडायचे, "आत सरका, आत सरका! दारात गर्दी कशाला? आत मैदान मोकळं आहे!" आणि सत्तरी ओलांडलेली ती माणसं खरंच आत सरकायची.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण त्या नावाने त्यांना कोणीच हाक मारत नसे. मीही पहिल्या दिवशी 'आजोबा' म्हटलं तर म्हणाले, "आजोबा हयसर आश्रमात सगळेच आहेत. कंडक्टर मी एकटाच." तेव्हापासून ते माझे कंडक्टरकाका झाले.

मुलुंडच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो वृद्धाश्रम होता. कॉलेजात समाजसेवेचे तास भरायचे असत, म्हणून मी दर रविवारी तिथे जायला लागले. मी राहायची भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत. वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि ते एका छापखान्यात कागद उचलायचं काम करत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजात कसं बोलायचं, कुठे बसायचं, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. तास भरले की जाणं बंद करायचं, असं मी ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

काका मूळचे मालवणकडचे. सगळी नोकरी बसमध्ये उभ्याने झाली. त्यामुळे खुर्चीत बसले तरी पाय फाकवून, गाडी हलतेय असे बसत. बोलणं मुंबईचंच, पण राग आला किंवा माया आली की मालवणी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा मस्कतला. घाटकोपरची खोली विकून त्याने डोंबिवलीला फ्लॅट बुक केला होता आणि "फ्लॅट होईपर्यंत" म्हणून काकांना इथे ठेवलं होतं. अधूनमधून मस्कतहून कॅसेट यायची. ती टेपरेकॉर्डरवर लावून काका सगळ्यांना ऐकवत. कॅसेटमधून मुलाचा आवाज सांगायचा, "बाबा, बिल्डरचा फोन आला होता, आणखी एक स्लॅब टाकला." काका म्हणायचे, "ही बिल्डिंग आता ढगात जाणार बहुतेक. मला शिडीनेच न्या वर."

फाटक हीच त्या आश्रमाची खरी गोष्ट होती. ते हिरव्या रंगाचं होतं, लोखंडी गजांचं आणि कायम लावलेलं. नातेवाईक येऊन सही करील तरच बाहेर जायचं, असा नियम. काकांच्या बाबतीत तो जरा जास्तच कडक होता, कारण आल्याआल्याच ते एकदा गुपचूप बाहेर पडून समोरून आलेल्या बसमध्ये चढले होते. कुठे जायचं नव्हतं. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले, त्याच गाडीने परत आले. तोवर इकडे पोलिसांपर्यंत निरोप गेला होता. तेव्हापासून काका फाटकाजवळ दिसले की वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहायचा. "बघ, सलाम करतोय मला," काका म्हणायचे. पण म्हणताना त्यांची नजर गजांपलीकडच्या रस्त्यावर असायची.

फाटकाला लागून एक रिकामी खोली होती. मोडक्या खाटा ठेवायची. काकांच्या डोक्यात त्या खोलीचं काय करायचं हे पक्कं होतं. तिथे बालूशाहीचं दुकान निघायला हवं होतं. कुठलंही नाही, घाटकोपरला बस टर्मिनससमोर शेठचं जे दुकान होतं, तेच.

"कसं आहे बाय," त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं, "शेवटच्या स्टॉपवर काहीतरी असावं लागतं. गाडी लागली, पॅसेंजर उतरले, कंट्रोलरकडे नोंद केली, की पुढची गाडी सुटेपर्यंत थोडा वेळ आपला. त्या वेळात मी शेठकडे जायचो. गरम बालूशाही, एकच. आधी कडेकडेने खायची. मधे अंगठ्याने दाबलेला खळगा असतो बघ, तिथे पाक साचतो. तो शेवटी. मग हात धुवायचा आणि गाडीवर. इतकी वर्षं केलं. आता हा माझा शेवटचा स्टॉप. आणि समोर काय? मोडक्या खाटा!"

या दुकानावर आश्रमात रोज चर्चा चाले. बँकेतून रिटायर झालेल्या एक बाई म्हणायच्या, "मला डायबेटीस आहे हो, मला काय उपयोग?" काका म्हणायचे, "तुम्ही नुसतं बघा. दुकान बघायलासुद्धा असतं." व्यवस्थापक बाई मात्र वैतागत. "कंडक्टर, हा आश्रम आहे, नाका नाही."

"तेच तर म्हणतोय, बाई. नाका करा!"

मला वाटलं, त्यांना बालूशाही खावीशी वाटतेय. म्हणून एका रविवारी मी घाटकोपरला उतरून शेठच्या दुकानातून पुडा बांधून आणला. काकांनी पुड्याचा वास घेतला, दोरा बोटाला गुंडाळला आणि पुडा बँकवाल्या बाई सोडून सगळ्यांना फिरवला. स्वतः खाल्ली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पार्सल आजाऱ्याला आणतात गो. मी आजारी आहे का?" मी ओशाळले. ते त्यांना दिसलं असावं, कारण लगेच त्यांनी माझ्याच डोक्यावर टपली मारली. "रडतेस काय? आणलंस ते चांगलंच केलंस. पण दुकान वेगळं, पुडा वेगळा."

माझं कॉलेजचं रडगाणंही त्यांनी असंच ऐकून घेतलं होतं. वर्गात मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. प्राध्यापकांनी इंग्रजीत काही विचारलं तर पटकन निसटता यावं म्हणून. काका हसले. "सगळे नवे पॅसेंजर असेच. दाराचा दांडा धरून लोंबकळतात. त्यांना वाटतं आत जागा नाही. अगो, धक्के खातो तो दारातला. आत सरक. आत गेलीस की कोणीतरी सरकून बसायलासुद्धा देतं." दुसऱ्या दिवशी मी मधल्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या मुलीने खरंच दप्तर उचलून जागा केली. त्या दिवशी मी तिथेच बसून राहिले, आणि नंतरही तिथेच बसत गेले.

आश्रमाचा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा मला एक कल्पना सुचली. दुकान कायमचं निघणार नव्हतं, पण एका दिवसापुरतं? मी व्यवस्थापक बाईंना विचारलं. त्या दिवशी गोड काहीतरी मागवायचं होतंच, त्या बरं म्हणाल्या. मग मी शेठना भेटले. ते कढईपुढे बसले होते. मी कंडक्टरकाकांचं सांगितल्यावर झारा हातात तसाच धरून म्हणाले, "अरे, तो मालवणी? आहे काय अजून? साला, गाडी सुटायला आली तरी खळगा चाटत बसायचा, आणि ड्रायव्हर तिकडून हॉर्न मारायचा! येतो ना. त्याच्यासाठी येतो. कढई घेऊन येतो."

वर्धापनदिनाच्या दिवशी मोडक्या खाटा मागच्या व्हरांड्यात गेल्या. खोलीत स्टोव्ह, कढई आणि पाकाचं पातेलं आलं. शेठनी दारावर झेंडूची माळसुद्धा लावली. तुपाचा वास पार वरच्या मजल्यापर्यंत गेला. आणि काका जिन्यावरून खाली आले ते खाकी कपड्यांत. गादीखाली ठेवून इस्त्री केलेली जुनी वर्दी होती. अंगात ढगळ झाली होती, पण बटणं सगळी लावलेली.

खोलीकडे न जाता ते सरळ फाटकाशी गेले. वॉचमन उठला. काका म्हणाले, "उघड. दुकानात बाहेरून यायचं असतं." वॉचमनने बाईंकडे पाहिलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. काका बाहेर गेले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, मागे वळले आणि आत आले. "गाडी लागली, शेठ!"

"या, कंडक्टर! लेट केला आज."

"ट्रॅफिक होता."

सगळे हसले. मीही हसले. शेठनी पानावर एक बालूशाही ठेवली. काकांनी ती उभ्यानेच खाल्ली, कडेकडेने, आणि शेवटी तो मधला खळगा. डोळे मिटले होते. मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली.

मग त्यांनी बोटं धुतली, खिशातल्या रुमालाला पुसली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वळून चालायला लागले. इतके सहज, की मला आधी काही कळलंच नाही. ते फाटकाकडे निघाले होते. फाटक लावलेलं होतं. त्यांचा हात गजाला लागला आणि ते थांबले. तसेच उभे राहिले, मला वाटलं आता वळतील, पण वळेनात. मागे हसणं हळूहळू बंद झालं.

मी जवळ गेले. ते हळू आवाजात म्हणाले, "माझीच चूक झाली गो. बालूशाही तीच आहे. शेठचा हात तोच आहे. पण तिथे खाल्ली की पुढे गाडी सुटायची असायची. हयसर खाऊन जावचा खंय?"

निघताना शेठ म्हणाले, "दर महिन्याला येऊ काय?" काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नको, शेठ. तुम्ही सुटा. तुमची वेळ झाली." त्यानंतर दुकानाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. दुसऱ्या दिवशी खाटा परत खोलीत आल्या.

मी बाईंकडे जाऊन विचारलं, मी सही केली तर काकांना घाटकोपरपर्यंत नेऊन आणता येईल का. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू त्यांची कोण लागतेस?" मग त्याच पुढे म्हणाल्या, "उद्या काही झालं, तर मस्कतला मी काय कळवू? कॉलेजची एक मुलगी घेऊन गेली होती?" त्या काही दुष्ट नव्हत्या. काकांच्या गुडघ्याला तेल लावायला त्या स्वतः बसत. पण फाटक उघडणं त्यांच्याही हातात नव्हतं, असं आता मला वाटतं. मग मी मुलालाच पत्र टाकून परवानगी मागितली, तर त्याच्या पुढच्या कॅसेटमध्ये नुसतं फ्लॅटच्या खिडक्यांचं होतं.

तेव्हा काकांनीच तोडगा काढला. "माझी परतीची ट्रिप तू मार. आणि कुठून गेलीस, काय दिसलं, ते पुढच्या रविवारी सांग." मी निघाले की ते फाटकापर्यंत येत आणि हातातल्या चमच्याने गजावर दोनदा वाजवत. टण् टण्. म्हणजे गाडी सोडा. मी चालायला लागे. त्यांच्यामुळे मी रस्ता बघायला शिकले. कुठे नवी भिंत झाली, कुठल्या स्टॉपवर बाक बसवलं, कुठला केळेवाला जागा बदलून पलीकडे गेला, हे सगळं मी त्यांच्यासाठी साठवून ठेवायची. रविवारी ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "थांब, थांब, तिथे वळण आहे ना?" त्या वेळी त्यांचं अंग खुर्चीत किंचित कलायचं.

बी.ए. झाल्यावर मला बी.एड.ला कोल्हापुरात प्रवेश मिळाला. शेवटच्या रविवारी काकांना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. सगळ्या आश्रमाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही आत सरकली हो, ही आत सरकली!" दुपारभर एस.टी.चा रस्ता कुठून जातो, याचीच चौकशी चालली होती. मी दिवाळीला येईन म्हणाले. गेलेही. तोवर काका गेले होते, त्यांच्या खाटेवर दुसरं कोणी होतं. फ्लॅट झाला की नाही, मला कळलं नाही. बाईंनी तो चमचा मला दिला. तो इथे हॉस्टेलवर माझ्याजवळ आहे.

पण मला आठवतो तो कोल्हापूरला निघण्याआधीचा शेवटचा रविवार. मी फाटकाबाहेर पडले, वॉचमनने कडी लावली. नेहमीसारखी दोनदा घंटी होईल म्हणून मी पाऊल उचललं, आणि मागून एकच आवाज आला. टण्.

मी थांबले. इतक्या वर्षांत एक घंटी त्यांनी मला कधी दिली नव्हती. वळून पाहिलं. काका गजांपलीकडे उभे होते. चमच्याचा हात तसाच वर.

"काय झालं, काका?"

त्यांनी चमचा खाली घेतला. मग हसले.

"काही नाही गो. पॅसेंजर राहिला असं वाटलं."

मी परत येऊ लागले तसा त्यांनी मान हलवून नकार दिला आणि गजावर जोरात दोनदा वाजवलं. मी वळले आणि चालू लागले. दोन घंट्या झाल्यावर गाडी थांबवायची नसते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.