दोन नंबरच्या खोलीतली काच

एव्हिस टॅरंट खोटं बोलली की चमचे पुसत बसते. जवळजवळ चाळीस वर्षं मी तिच्या समोरच्या घरात राहते, खाली माझं लोकरीचं दुकान आहे, त्यामुळे मला तिची ही खोड ठाऊक आहे. त्या शुक्रवारी दुपारी मी अंडी द्यायला तिच्या स्वयंपाकघरात गेले, तर टेबलावर चमच्यांचा ढीग, आणि बाई एकेक चमचा असा घासत होती की त्याची चांदी उतरावी.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"दोन नंबरला एक म्हातारा आलाय. पिकर्सगिल म्हणून. एकटाच आहे." तिने आवाज खाली आणला. "थेल्मा, त्याने दारातच विचारलं, खिडकीची काच कधी बदलली होती का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

आमच्या वेन्ब्रुकला माणसं दोन रात्रींसाठी येतात ती हॅरोबीबाईंच्या ओढीने. दोनशे वर्षांपूर्वी ही कवयित्री एव्हिसच्या घरात एक हिवाळा राहिली आणि जाताना अंगठीच्या हिऱ्याने खिडकीच्या काचेवर चार ओळी आणि आपलं नाव कोरून गेली. गावात तिची खुर्ची आहे, थडगं आहे, तिच्या नावाचा केकसुद्धा आहे, आणि मला विचाराल तर तो घशात अडकतो. पण तिच्या हातची अक्षरं फक्त एव्हिसकडे. तिच्या बाकीच्या दोन खोल्या अधूनमधून रिकाम्या पडतात, दोन नंबर कधीच नाही. तिचं पाहुण्यांचं घर चालतं ते त्या वीतभर काचेवर.

आणि ती अक्षरं हॅरोबीबाईंची नाहीत. हे तीनच माणसांना माहीत होतं: एव्हिस, मी, आणि एव्हिसचा नवरा रॅल्फ. रॅल्फला जाऊन नऊ वर्षं झाली.

घर घेतलं त्याच वर्षीची गोष्ट. रविवारची सकाळ होती. खिडक्या धुताना एव्हिसने अडकलेली खिडकी धाडकन खाली ओढली आणि काच खळ्ळकन फुटली. सोमवारी पहिले पाहुणे यायचे होते. रॅल्फ काचा बसवायचं काम करायचा. पाडलेल्या एका चॅपलची जुनी काच त्याच्या शेडमध्ये पडून होती, आणि हॅरोबीबाईंच्या ओळींचं पोस्टकार्ड तर वाचनालयातच मिळतं. सगळं गाव चर्चमध्ये असताना त्याने ते पोस्टकार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर कोरलं. मी खालच्या दारात पहाऱ्याला उभी होते. एव्हिस पलंगावर बसून हमसून हमसून रडत होती. रॅल्फने आयुष्यात एवढी एकच लबाडी केली, आणि तीही तिचं रडणं बघवेना म्हणून.

शनिवारी सकाळी अंथरुणं आवरायला मी एव्हिसच्या मदतीला गेले. दोन नंबरचं दार अर्धवट उघडं होतं. पिकर्सगिल खिडकीशी गुडघे टेकून बसला होता, डोळ्याला भिंग लावलेलं, नाक जवळजवळ काचेला टेकलेलं. मी खोकले. तो गडबडून उठला, त्याचे गुडघे वाजले.

"काच फार स्वच्छ ठेवता तुम्ही, मिसेस टॅरंट," तो म्हणाला.

"दर शनिवारी पुसते," एव्हिस म्हणाली आणि उशी झटकायला लागली. ती उशी इतका वेळ कुणी झटकली नसेल. पलंगावर त्याची वही उघडी पडली होती. तो फिरायला बाहेर पडला तशी एव्हिसने जिन्यातच माझा दंड धरला.

"त्याच्या वहीत रॅल्फचं नाव आहे."

"चष्मा होता का तुझ्या डोळ्यांवर?"

"आर. टॅरंट. मी माझ्या नवऱ्याचं नाव ओळखत नाही होय?"

मी तिला वेड्यात काढलं खरं, पण दुपारी वाचनालयातली नेरिस लोकर घ्यायला आली. "एव्हिसकडचा तो म्हातारा विचारत होता," ती म्हणाली, "टॅरंट नावाचा कुणी काचवाला गावात होता का? मी म्हटलं, अहो, त्याच्याच तर घरी उतरलात तुम्ही! तर वही मिटून निघूनच गेला."

आता आमच्या लोकांचं कसं आहे, ते तोंडावर काही बोलायचे नाहीत. सॉसेज जळलं असेल तरी 'वा, सुरेख' म्हणतील, आणि निघताना पाहुण्यांच्या वहीत सुंदर अक्षरात लिहून जातील की सॉसेज जळलं होतं. ती वही एव्हिसच्या घरात दाराजवळच्या टेबलावर असते, येणारा प्रत्येक जण ती चाळतो. पिकर्सगिल रविवारी दहाच्या बसने जायचा होता. त्याआधी तो वहीत काय लिहील, या विचाराने मी दुकानात तीनदा सुटे पैसे चुकीचे दिले.

संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा एव्हिसने बिस्किटाला हात लावला नाही.

"तू तोंड शिवून बस," मी म्हटलं. "त्याच्याकडे पुरावा काय आहे? एक भिंग!"

"माझं जाऊ दे गं. मला खोटारडी म्हणू देत. खोली रिकामी पडली तर पडू दे. पण रॅल्फने बनावट काच बसवली असं तो सांगत सुटेल, आणि रॅल्फला उलट दोन शब्द बोलता येणार नाहीत." तिने कप बाजूला सारला. "उद्या मीच सांगते. सगळ्यांसमोर."

"वेडी आहेस का? अडतीस वर्षं निभावलं!"

"अडतीस वर्षं लोकांना ती खोली दाखवताना मी नजर चुकवते, थेल्मा. तुझं काय जातंय सांगायला?"

ते मला लागलं. मी रागाने घरी निघून आले. पण सकाळी सातला पुन्हा तिच्या शेगडीपुढे उभी होतेच. त्या दिवशीची न्याहारी तिच्या एकटीवर सोडवेना.

न्याहारीला तिघंच होती. पिकर्सगिल कोपऱ्यात, आणि खिडकीपाशी लीड्सचं एक जोडपं. त्यांना पहिल्या दिवशी ती काच दाखवली होती तेव्हा बायकोने डोळ्याला रुमाल लावला होता. एव्हिसने किटली टेबलावर ठेवली आणि एप्रनला हात पुसले. मी दारातच थांबले, हातात सॉसेजची बशी तशीच.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. तिने छताकडे बोट दाखवलं. "वरची काच खोटी आहे. खरी माझ्या हातून फुटली. ही माझ्या नवऱ्याने केली, पण मी रडून रडून त्याला करायला लावली. दोष द्यायचा तर मला द्या. त्याचं नाव घेऊ नका."

तिघांनीही मान वर केली. मग लीड्सची बाई म्हणाली, "म्हणजे परवा मी रडले ती..."

"रडलीस ती रडलीस," नवरा म्हणाला. "टोस्ट दे इकडे."

पिकर्सगिल कानापर्यंत लाल झाला होता. त्याने हातातला काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"बाई, मला कवितेतलं काही कळत नाही," तो म्हणाला. "त्या ओळी मी वाचल्यासुद्धा नाहीत."

"मग दोन दिवस बघत काय होतात?" मीच ओरडले.

"मी पन्नास वर्षं काचा बसवल्या, यॉर्कला. आम्हा काचवाल्यांची एक जुनी रीत आहे. काम झालं की कडेला, कुणाला दिसणार नाही असं, आपलं नाव कोरायचं. तारीख कोरायची. कधी मालक कसा कवडीचुंबक होता तेही. निवृत्त झाल्यापासून मी ती नावं शोधत गावोगाव हिंडतो, वहीत उतरवून घेतो." तो एव्हिसकडे बघेना. "तुमच्या खिडकीच्या कडेचा रंग सुटलाय, त्याखाली एक सापडलं. वाचलं आणि सगळं समजलं. ते तुम्हाला दाखवावं असं शुक्रवारपासून मनात होतं, पण धीर होईना. ते तिथे कोरलंय हे तुम्हाला माहीत असेल की नसेल, कसं विचारायचं?"

आम्ही वर गेलो, मी बशीसकट. त्याने खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि भिंग एव्हिसच्या हातात दिलं. ती गुडघ्यांवर बसली. मला नुसत्या डोळ्यांना केसाएवढे ओरखडे दिसत होते. एव्हिस एकेक शब्द लावत मोठ्याने वाचायला लागली.

"आर. टॅरंट. बारा जून त्र्याऐंशी." ती थांबली. "हॅरोबीबाई, माफ करा. एव्हिस रडत होती." मग आणखी जरा खाली वाकली. "थेल्मा पहाऱ्यावर."

माझ्या हातातली बशी कलंडली आणि सॉसेज गालिच्यावर गेली. अडतीस वर्षं मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता, आणि त्या माणसाने त्याच दिवशी, मी खाली दारात उभी असताना, तिघांचीही कबुली देऊन टाकली होती.

"दर शनिवारी पुसत होते गं मी ही," एव्हिस म्हणाली. "दर शनिवारी."

दहाची बस गेली. पिकर्सगिल दाराशी टोपी हातात धरून उभा होता, आणि भिंग काही एव्हिस परत देईना. शेवटी त्याने हळूच विचारलं, एवढं नाव आणि तारीख वहीत ठेवली तर चालेल का, बाकीचं खोडून टाकतो.

"काही खोडू नका," एव्हिस म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत. "माझं रडणंसुद्धा राहू द्या. त्याने लिहिलंय ते."