परवाना वाचणारे भाऊजी

माझ्या भाऊजींइतका भित्रा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा झाला नसेल, आणि या दोन जिल्ह्यांत भिण्यासारखं काही कमी नाही. वाघाला सगळेच भितात. भाऊजी परवान्यालाही भीत. रेडिओचा परवाना सरकारने केव्हाच बंद केला होता, तरी ते दरवर्षी पोस्टात जाऊन "खरंच बंद हाये नं?" असं विचारून येत. कॉम्प्युटरवर काही नवीन टाकायचं तर आपण 'मान्य आहे'वर खटकन बोट दाबतो. भाऊजी शब्दकोश घेऊन त्यावरचा परवान्याचा अख्खा इंग्रजी मजकूर वाचत, आणि तोवर चहावर साय धरे.

एटापल्लीच्या पुढच्या जंगलातल्या एका लहान दवाखान्यासाठी त्यांनी हौसेने प्रोग्राम लिहिला होता. सापाच्या विषावरचं औषध किती उरलं, हे तो सांगे. त्यातला नोंदी साठवणारा डेटाबेस फुकटचा, आणि प्रोग्राम त्याच्याशी जोडणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, तीही फुकटची. एका पावसाळ्यात दवाखान्याचा कॉम्प्युटर विजेने जळला. नव्यावर डेटाबेसची नवी आवृत्ती आली आणि जुनी लायब्ररी तिच्याशी जुळेना. नवी घ्यावी तर तिचा परवाना बदललेला: प्रोग्राम ज्याला द्याल त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूरही द्या, तो त्यात बदल करून पुढे कोणालाही देऊ शकेल.

भाऊजींचं जेवण सुटलं. कोणी काही बदललं, संपलेलं औषध शिल्लक दिसलं, आणि साप चावलेला माणूस तिथवर आणला तर? त्यात परवान्याच्या शेवटी लिहिलेलं, काही बिघडल्यास आमची जबाबदारी नाही.

"त्यायची नाई, तर मंग कोणाची?" ते ताईला म्हणाले. "माझीच नं."

ताई भाजी निवडत होती. "अन् तुम्ही भेऊन घरी बसले, तर तिथल्या लोकायनं काय कराचं?"

दुसऱ्या दिवशी नवी लायब्ररी जोडून ते एसटीने गेले आणि कोडसकट सीडी डॉक्टरांच्या हातात ठेवली. दुसऱ्या दवाखान्यांना दिली तर चालेल का, असं डॉक्टरांनी विचारलं. "द्या," भाऊजी म्हणाले, "पण मले लई भेव लागते."

त्यानंतर फोन वाजला की ते भिंतीला टेकत. आणि एकदा खरंच जिवतीकडच्या एका दवाखान्यातून फोन आला. प्रोग्राममध्ये चूक होती. मुदत संपलेलं औषधही शिल्लकीत धरलं जाई. त्यांच्या माणसाने कोड वाचून ती दुरुस्त केली होती. भाऊजींनी आधी विचारलं,

"कोणी दगावलं तं नाई?"

नाही, वेळेवर दिसलं, असं पलीकडून सांगितलं. फोन ठेवून ते खाली बसले. "झाकून ठेवलं असतं, तर कोणाले दिसलंच नसतं," एवढंच म्हणाले.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते होते तोवर मला कशाची भीती अशी वाटली नाही. माझ्या वाट्याचंही तेच भिऊन घेत. आता आलापल्लीच्या जंगलातून एकट्याने जाताना छातीत धडधडतं, आणि मग ते फार आठवतात.