तिसरी राणी

कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत, मठाच्या भिंतीवर तिबेटात बौद्ध धर्म रुजवणारा प्राचीन राजा रंगवला होता. दोन बाजूंना दोन राण्या, एक नेपाळची, एक चीनची.

"दोघींनी माहेराहून बुद्धमूर्ती आणल्या," म्हातारे लामा म्हणाले.

"आणि राजाचा मुलगा यांतल्या कुणाचा?" वहिनीनं विचारलं.

"तिसरीचा, तिबेटी राणीचा. ती या चित्रात नाही." सांगताना लामाच ओशाळले.

"घरचीच ना ती!" वहिनी हसली.

माझे कान तापले. आत्ताच दाराशी, परदेशात राहणाऱ्या आम्ही दोघी बहिणींनी आईला मध्ये घेऊन फोटो काढून घेतले होते. काढले होते आईचं सगळं करणाऱ्या वहिनीनं.

"वहिनी, आता तू ये आईशेजारी," मी कसंबसं म्हटलं.

"अगं, मग काढणार कोण?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं.

मला तिच्याकडे बघवेना.