चुन्याखालचं अक्षर

आसेगावच्या जानरावांच्या लॅपटॉपमध्ये वारलेल्या बायकोचा, विजयमालाबाईंचा, आवाज रेकॉर्ड केलेला होता. अपडेटनंतर सुरक्षित स्टार्टअपची चूक दाखवून लॅपटॉप कुलूपबंद झाला आणि उघडायला अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागू लागला.

"काका, किल्ली लिहली कुठं?" वाशीमच्या दुरुस्तीवाल्या रूपानं विचारलं.

"तिनं भिंतीवर लिहली होती, फोन नंबरांखाली. दिवाईले मीच चुना मारला," जानराव हसत म्हणाले.

"अन् हसून कायले राह्यले?"

"रडून भेटते का?"

लॅपटॉप तिथेच ठेवून ते घरी आले. ओल्या फडक्यानं भिंत पुसल्यावर पेनचे आकडे दिसले. फोनवर रूपाला ते सांगताच लॅपटॉप उघडला.

"आवाज लावू?"

"नको पोरी, मी येतो."

पण त्या अक्षरापाशी ते इतका वेळ बसले, की वाशीमची बस निघून गेली.