चंद्र डोंगरामागे होता
स्वयंपाकघर आवरताना पोचे आलेला स्टीलचा डबा हाती लागला आणि अलास्कातली ब्रूक्स पर्वतरांग आठवली. ऐंशीच्या दशकातल्या एका जूनमध्ये तिथे खडकांचा सर्व्हे करत होतो. झाड एकही नव्हतं, शेवाळाखालची जमीन गोठलेली आणि सूर्य मावळतच नव्हता. माझी संकष्टी होती. चंद्र पाहिल्याशिवाय जेवायचं नाही हा हट्ट. पहाटेचे चार वाजले तरी चंद्राचा पत्ता नाही. आमचा तिथलाच वाटाड्या म्हणाला, "उगवलाय, पण उन्हाळ्यात तो क्षितिजालगत खालूनच जातो. बघायचा असेल तर डोंगर चढावा लागेल." आणि तोही सोबत निघाला. दोन तासांनी माथ्यावरून फिकट चंद्र दिसला. याच डब्यातला गार वरणभात आम्ही दोघांनी मिळून खाल्ला. काल संकष्टी होती. चंद्रोदयाची वेळ फोनवर आली आणि मी खिडकीबाहेर न बघताच जेवलो.